सेकंड माल

साडेपाच हजार.
आकडा मी दोनदा वाचला,
मग तौफिकला दाखवला.
तो म्हणाला, शून्यं बरोबर आहेत बे,
तुझा पगार चुकलाय.

अशोक चौकाच्या मागे, पिठाच्या गिरणीवर
इरण्णा हत्तुरेचं पार्लर.
सहा कॉम्प्युटर, त्यातले चार जिवंत.
तासाला तीस रुपये,
पंख्याखालची खुर्ची जो आधी येईल त्याची.
बाहेर त्रेचाळीस अंश,
आत आम्ही भाला घेऊन बर्फाच्या कड्यावर,
कीबोर्डवर वरून झिरपलेलं ज्वारीचं पीठ.

गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यासाठी काढायचो
तशी वर्गणी काढली चौघांनी.
एकशे अठरा जीबी.
शुक्रवारी रात्री लावलं,
दोनदा लाईट गेली,
सकाळी एकोणऐंशी टक्के आणि इरण्णाचे लाल डोळे.

रविवारी दुपारी उघडला एकदाचा.
नायकाचा पाय भिंतीत.
घोडा आभाळात चरतोय.
ज्याला मारायचं तो राक्षस
मरायचं विसरून नुसता उभा,
आणि कोपऱ्यात सोनेरी अक्षरं:
खरा शेवट स्वतंत्र विकत मिळेल.

मग जे व्हायचं ते झालं, भांडण.
लक्ष्मीनारायण म्हणाला, थांबायचं होतं,
दिवाळीनंतर हाच आठशेला येतो.
इरण्णा म्हणाला, नव्या पेठेतून आणलेली
ओरखड्यांची सीडी होती माझ्याकडे,
अडखळायची, पण शेवटासकट होती.
कुणीतरी म्हणालं (मीच म्हणालो)
चोरलेली कॉपी चालते म्हणे न अडकता,
पैसे भरणाऱ्यालाच कुलपं.
तौफिक एकटाच गप्प.
मग म्हणाला, बनवणारे रात्र-रात्र जागले असतील रे,
तारीख काय त्यांनी दिली नव्हती.

घरी आलो तर नान्ना
घडीच्या टेबलावर चादरी तपासत होते.
डोळ्यांनी नाही, तळव्याने.
एक धागा सुटलेला, हात थबकतो,
चादर डावीकडच्या ढिगात.
डावीकडचा ढीग म्हणजे सेकंड,
अर्ध्या भावात, दारातच जातो.

मी सगळं सांगितलं, किंमत सोडून.
पब्लिशर म्हणजे कोण, त्यांनी विचारलं.
म्हटलं, शेठ.
पुढचं त्यांना समजावावं लागलं नाही.

"म्हणजे मोर अर्धाच विणायचा,
भाव पुऱ्या मोराचा घ्यायचा,
आणि पिसारा पुढच्या महिन्यात पाठवतो म्हणायचं?"
"हो."
"आणि लोक घेतात?"
मी पाणी प्यायला उठलो.

जेवताना, शेंगाचटणीत तेल ओतत,
कुणी न विचारता म्हणाले,
मीपण पाठवलाय एकदा तसला माल.
लग्नसराई होती, शेठची तारीख होती,
आडवे धागे कमी टाकले, माग पळवला.
वरून कळत नव्हतं.
पहिल्या धुण्यात कळलं असेल कुणाला तरी.
एवढं बोलून भाकरी मोडली,
कडक होती, आवाज झाला.

त्या रात्री एक स्टार द्यायला मोबाईल काढला.
शिव्या तयार होत्या, मराठीत आणि तेलुगूत.
कोण वाचणार, शेठ की विणकर,
हे ठरेना.
चार्जिंग संपलं.

परवा दुरुस्ती आली, बेचाळीस जीबी.
घोडा खाली उतरलाय.
सावली मात्र अजून वरच, ढगांवर चालते,
आम्ही चौघं माना वर करून बघतो आणि हसतो,
आणि खरं सांगू, छान वाटतं,
त्याचाच जास्त राग येतो.

नान्ना रोज दारातून विचारतात,
झाला का मोर?
मी म्हणतो,
पाय राहिलेत.