पसंती, तीन तास

रबाळ्याला सहाव्या मजल्यावर, रात्री साडेदहानंतर
मी परक्या देशातल्या उंदरांची जवळीक मोजते.
उंदीर म्हटलं की लोखंडे सर दुरुस्त करतात,
उंदीर नाही, म्हात्रे मॅडम. व्होल. प्रेअरी व्होल.
आखूड शेपूट, कान केसांत बुडालेले,
रंग वालाच्या सुकलेल्या सालीसारखा.

व्हिडिओत काचेचे तीन कप्पे.
डावीकडे तिचा जोडीदार, गळ्यात पट्टा, दोरी वीतभर.
उजवीकडे अनोळखी नर, त्यालाही पट्टा,
दोरी तेवढीच.
मधला कप्पा रिकामा.
मोकळी फक्त ती. तिला तीन तास.

आमच्याकडे याच्या उलट.
गळ्यात मोहनमाळ घालून मी एका जागी,
आणि मोकळे असलेले येऊन जातात.
सात स्थळं झाली. कोपरखैरण्याचं, तळवलीचं,
एक तर थेट उरणहून, सहा माणसं एका रिक्षात.
चपला शोधताना सगळ्यांचं वाक्य एकच :
पसंती कळवतो.

नियम असे.
अंगाला अंग लागलेलं हवं, दहा सेकंदांच्या वर.
हुंगणं वेगळ्या रकान्यात. चावणं लाल रकान्यात.
पहिल्या आठवड्यात मी शेऱ्यात लिहिलं होतं,
हिचा जीव दिसतो त्याच्यावर.
सरांनी खोडलं. जीव नाही, पसंती लिहा.
कॅमेऱ्याला दिसतं तेवढंच लिहा.

चहाच्या वेळी त्यांनीच सांगितलं,
मेंदूत एक कुलूप असतं, एक रसायन त्याची किल्ली.
इतकी वर्षं वाटायचं, सारा संसार त्या कुलपावर.
मग कुणीतरी जन्माच्या आधीच ते काढून टाकलं.
आणि ती पिल्लं मोठी झाली,
जोडी धरून राहिली,
पोरं वाढवली, जशी बाकीचे वाढवतात.
मग कशानं, सर?
सरांचं बिस्कीट चहात तुटलं.
ते चमच्यानं शोधत म्हणाले,
त्यावर काम चालू आहे.

एक्केचाळीस नंबरची आज
पहिला तास जोडीदाराला चिकटून होती,
पाठ त्याच्या पोटाशी, डोळे अर्धे मिटलेले.
मग त्या अनोळख्याकडे गेली, हुंगलं, परतली.
परतताना मध्येच थांबली
आणि रिकाम्या कप्प्यात बसून राहिली.
मिशा साफ केल्या. एक दाणा खाल्ला.
बावन्न मिनिटं.
जोडीदारानं दोरी ताणली, तरी.
रकाना म्हणतो : एकटी.
मी तो भाग मागे नेऊन दोनदा पाहिला.
एकटी बसलेली दिसत नव्हती ती.
नुसती बसलेली दिसत होती.
पण कॅमेरा मला नाही,
मी कॅमेऱ्याला नोकर.

पहाटे गोठिवलीला उतरते तेव्हा
ओट्यावर आईस आणि बापूस, शेजारी शेजारी.
साडेबारा टक्क्यांचा प्लॉट बापसानं
तिला न विचारता विकला,
तेव्हापासून दोघांत शब्द नाही. अकरा वर्षं.
मीठ हवं असलं तरी माझ्यामार्फत.
ती सुपात सुकट निवडतेय,
तो मेलेल्या रेडिओचे स्क्रू काढतोय,
आणि गुडघ्याला गुडघा लागलाय.
मी गल्लीच्या तोंडाशी थांबून मोजते.
दहा. वीस. चाळीस.
कुणी गुडघा काढत नाही.
नियमानं ही नोंद होते.
कुलूप केव्हाच काढलेलं, तरी होते.

मला पाहून बापूस म्हणतो,
तुजे आईसला सांग,
घनसोलीवाल्यांचा फोन आलता.
आईस मान वर न करता,
त्यांना इचार,
पोरीची पसंती इचारली का कोनी.

रेडिओचा एक स्क्रू पायरीवरून घरंगळत येतो.
मी उचलून मुठीत धरते
आणि खालच्या पायरीवर बसते,
दोघांपासून सारख्याच अंतरावर.
डोळे चुरचुरतात.
ऊन इथवर यायला अजून वेळ आहे.
बसते.