लोखंडाचा घाम

नानलपेठेत, बंदुकीच्या दुकानाखाली
अकरा पायऱ्या.
वर परभणीची जानेवारी, कान कापणारी,
वेधशाळेचा आकडा दुपारपर्यंत कुणाला खरा वाटत नाही.
खाली थंडी कापत नाही,
मुरलेली असते,
बरणीतल्या मिठासारखी.

मी पिंगळीहून सायकल हाणत आलेलो,
अंगाला वाफ सुटलेली,
तसाच उतरलो पहिल्या दिवशी
आणि काडतुसं भरायच्या यंत्रावर वाकलो.
बघता बघता दांडा पांढुरका झाला,
मग बारीक थेंब,
तापातून उठलेल्या माणसाच्या कपाळावर येतात तसे.

"मागं सर," इनायत मिस्त्री म्हणाले.
"थंडीनं लोखंड नासत नाही रे.
थंडीत कुणी गरम शिरलं की नासतं.
वर बस घटकाभर. निवून ये."

निवून यायला शिकण्यात माझा एक हिवाळा गेला.

तराजूसमोर बोलायचं नाही.
चहा पायऱ्यांच्या वर.
छर्र्याला, पितळेला, साच्याला
हात लावण्याआधी तो धोतराच्या फडक्याला पुसायचा,
आणि शिवणयंत्राचं तेल, एकच थेंब,
दोन झाले तर मिस्त्री जेवायचे नाहीत नीट.

श्रावणात कागदी नळकांडी फुगायची,
साच्यात जायची नाहीत, गेली तर निघायची नाहीत.
पितळेला हिरवी कड धरायची.
टोप्या बिस्किटाच्या डब्यात,
सोबत कळीच्या चुन्याची पुरचुंडी;
चुना फुटून पीठ झाला की समजायचं
त्यानं आपल्या वाटचं पाणी पिलं.
कपाटात साठचा बल्ब, रात्रंदिवस.
मीटर बघून वायरमन म्हणाला,
"खाली कोंबड्या पाळल्यात काय, चाचा?"

निवडणूक लागली की जिल्ह्याच्या बंदुका जमा व्हायच्या.
प्रत्येक आपापल्या गावची ओल घेऊन यायची,
पूर्णेकाठची, जिंतूरच्या डोंगराची,
कुठल्या तरी माळवदावर कडब्याखाली झोपलेली.
मिस्त्री नळीत डोळा घालून सांगायचे
धनी कसा आहे.

आणि भिंतीवर ते.
सिगारेटच्या पाकिटाचा पुठ्ठा, त्यावर शाईच्या रेघा,
घड्याळाचा एक काटा,
काट्याला बांधलेला एक केस.
हवा ओली झाली की केस लांबतो,
काटा उजवीकडे सरकतो.
बाजारातल्या यंत्रापेक्षा खरा, म्हणायचे.
केस कुणाचा, मी विचारलं नाही.
हातभर लांब होता, काळाभोर.
मेहरूनभाबींचे आता पांढरे झालेले,
मेंदीनं तांबूस.
वरचे म्हातारे झाले,
हा एक खाली अंधारात तसाच राहिला.

भाबी कधी खाली आल्या नव्हत्या.
तेहतीस वर्षांत एकदाही नाही.
हाक मारायच्या ती पायरीवरून.

त्या सोमवारी आल्या.
हातात कलेक्टर कचेरीचं पाकीट,
परवान्याचं, अजून न फोडलेलं.
नहाणीतून तशाच उठून आलेल्या,
टॉवेल सुटलेला, पाठीवर ओले केस,
अकरा पायऱ्या, भिंतीला हात लावत.

मी काट्याकडे बघितलं.
चाळीस. पंचेचाळीस.
यंत्राचा दांडा पांढुरका होऊ लागला,
साच्यांवर, तराजूच्या पारड्यांवर
हळूहळू घाम.
मी फडकं शोधू लागलो, आणि वाट बघू लागलो
त्या दोन शब्दांची.

मिस्त्री बोलले नाहीत.
पाकिटाकडेही बघितलं नाही.
पंचावन्न.
काटा कुठल्याच रेघेवर थांबायला तयार नव्हता,
आणि ते त्याच्याकडे बघत राहिले,
मग तिच्याकडे.

"केस पुस," एवढंच म्हणाले शेवटी,
"सर्दी होईल,"
आणि स्वतःचं फडकं पुढं केलं,
ज्याला मला कधी हात लावू दिला नव्हता.