सिलिकॉनचा तिसरा हिस्सा

शिरोलीच्या फौंड्रीत दस्तगीर नदाफ सांगतो,
लोखंडाला भ्या वाटतं, म्हणून ते पांढरं पडतं.

लेडलमधून पळीभर रस घेऊन
वाळूच्या साच्यात तो पाचर ओततो,
विझवतो, घणाखाली मोडतो,
मोडलेली कड दिव्याकडं धरतो.
"तीन सूत भ्यालंय."
मग मूठभर फेरोसिलिकॉन,
रडक्या पोराच्या हातावर फुटाणे ठेवावेत तसं.
पुढची पाचर करडी.

माझ्याकडं पदवी आहे, काचेची केबिन आहे,
आणि त्याच्या सुताला उत्तर म्हणून एक सूत्र:
कार्बन, अधिक सिलिकॉनचा तिसरा हिस्सा.
बेरीज चारच्या आसपास आली की ओता.
आठ वर्षांत आमची उत्तरं क्वचित फाटली.

सूक्ष्मदर्शकाखाली ग्राफाइट मी पाहिलंय,
शाईत बुडून सुकलेल्या अळ्यांसारखं.
तिसरा हिस्सा मात्र कुठंच दिसला नाही.
कुणीतरी कधीतरी आकडे मांडले असतील,
तीननं भागलं की जुळायचं,
तेवढंच त्याचं कूळ.
मग दस्तगीरच्या भ्याला मी कुठल्या तोंडानं हसू?
पंचांगातला सूर्य अजून आपल्याभोवतीच फिरतो
आणि ढग नसले तर नोव्हेंबरात, ठरल्या संध्याकाळी,
अंबाबाईच्या पायांशी पोचतो.
फिरतंय कोण, हे त्या किरणाला
कुणी विचारत बसत नाही.

मग भाद्रपदातली ती रात्र.
पाचर करडी होती. बेरीज बरोबर होती.
ब्रेक ड्रमचे चाळीस नग
पांढरे, काचेसारखे, ड्रिलची टोकं खाणारे.
चिवटेसाहेब म्हणाले, भंगाराचा लॉट बदला.
बदलला. पुढची हीट चोख.
रजिस्टरात मी लिहिलं, "दुरुस्त",
आणि डबा उघडला.
सूत्र म्हणजे हत्यार. घसरतं एखाद्या वेळी.
पान्हा घसरला म्हणून कुणी रात्रभर जागत नाही.

पाळी सुटताना दस्तगीर केबिनीत आला.
बावड्याकडून मळीचा वास येत होता.
टेबलावर त्यानं फुटक्या ड्रमचा तुकडा ठेवला.
"बाई, हे भ्यालं न्हवतं.
मी बघितलं हुतं की.
मग पांढरं का पडलं?"

म्हटलं, आता चालतंय ना सगळं?

"चालतंय वो.
चालतंय ते मलाबी दिसतंय."

आणि उभाच राहिला,
सिमेंटवर बूट घासत,
जणू लोखंडानं आठ वर्षांत पहिल्यांदा
त्याच्याशी खोटं बोललं होतं,
किंवा त्यानं लोखंडाविषयी.

तुकडा अजून टेबलावर आहे.
पंख्याखाली कागद दाबायला बरा पडतो.
अधूनमधून दस्तगीर येतो, न विचारता तो उचलतो,
पांढरी कड खिडकीकडं धरून बघत राहतो,
आणि तेवढा वेळ
माझे कागद उडत असतात.