पत्ता आधीच वापरात आहे

सोमवार, सकाळचे सव्वानऊ. हल शहर.
खिडकीबाहेर हम्बर, उकळून राहिलेल्या चहाच्या रंगाची,
आणि स्क्रीनवर लाल अक्षरांत एक ओळ:
पत्ता आधीच वापरात आहे.

आठ हजार ऐंशी. दुसरं काही मागत नव्हते मी.
पासष्ट हजारांवर दारं आहेत या एवढ्याशा डब्याला,
आणि मला हवं त्यालाच नेमकी आतून कडी.

कोण बसलंय, विचारलं मी, जरा मोठ्यानंच.
ब्रेंडननं हेडफोन काढून दोन्ही हात वर केले.
कॅथ म्हणाली, ती गुरुवार दुपारपासून व्हिटबीला होती,
बहिणीच्या कुत्र्याजवळ.
तरी माझा संशय ब्रेंडनवर. तो सगळं चालू सोडून जातो,
स्वयंपाकघरातला नळसुद्धा.

मग यंत्रालाच विचारायचं.
एल-एस-ओ-एफ, डॅश आय, कोलन, आठ हजार ऐंशी.
उत्तर काहीच नाही. खाली लुकलुकणारा कर्सर,
सगळं पाहून गप्प बसलेल्या बिलंदर पोरासारखा.

ही तऱ्हा माझ्या ओळखीची आहे.
स्प्रिंग बँकमागच्या माझ्या फ्लॅटवर सहा वर्षं
मिस्टर पिकर्सगिल यांची पत्रं येतात:
दातांच्या डॉक्टरचं स्मरणपत्र, कबुतरांच्या शर्यतींचं मासिक,
एकदा वाढदिवसाचं कार्ड, आत दहा पौंडांची नोट.
(फोडायला नको होतं मी.)
'इथे राहत नाहीत' असं लिहून पेटीत टाकते,
पत्र फिरून माझ्याच पायपुसण्यावर.
पोस्टाच्या लेखी राहतात ते. मीच नाही.

आता सुडो लावून विचारलं, फौजदारी आवाजात.
तेव्हा कुठे तोंड उघडलं:
पायथन, क्रमांक एकवीस हजार चारशे सात,
मालक रूट, म्हणजे कुणीही.
पी-एसनं पुढचं ओकलं: सुरू झालं गुरुवारी,
संध्याकाळी सात चाळीसला.
एवढ्या पुराव्यावर ब्रेंडनला मी फासावर दिला असता,
पण शेवटी फाइलचं नाव होतं,
टी, ए, टी, पी, यू, आर, टी, ए.

तात्पुरता.

या मजल्यावर, या गोदीच्या काठावर
असं नाव एकच बाई ठेवू शकते.
काखेत कळसा, आणि वळसा थेट व्हिटबीच्या कुत्र्यापर्यंत.

गुरुवारी पाऊस आडवा लागत होता,
सायीच्या रंगाच्या फोनबूथपाशी सातपन्नासची बस,
आणि मला एवढंच बघायचं होतं,
गोदीच्या वजनकाट्याचा आकडा पोचतो का.
पाच मिनिटांचं काम.
तेव्हापासून काटा कळवतोय शून्य, शून्य, शून्य,
आणि हे बिचारं दर खेपेला, हो.
रात्री, शनिवारी, रविवारी. हो. हो.

मीही दीड वर्षाच्या कंत्राटावर आले होते.
दोन बॅगा, एक कुकर.

सॉरी ब्रेंडन, म्हटलं.
तो म्हणाला, नळही तूच सोडतेस.

किल. नुसतंच, म्हणजे सभ्यपणे: आवरा आता.
डॅश नऊची वेळ आली नाही.
माझं सुरू करायला गेले. पुन्हा तीच लाल ओळ.
यादीत आता नाव कुणाचंच नाही, नुसती अवस्था: टाइम-वेट.
बोलणं संपलंय, पण एखादा शब्द वाटेत राहिला असेल
तर तो पोचेपर्यंत जागा धरून ठेवायची. मिनिटभर.

हे मला कुणी शिकवायला नको.
रविवारी इचलकरंजीला कुंदामावशीला फोन,
तिच्या मागे माग खडखडत असतात.
बरं, ठेवू? ठेव. ठेवते हं. हो, ठेव.
आणि कुणीच ठेवत नाही.
नुसते माग ऐकू येत राहतात.

मिनिटभर काय करायचं, म्हणून चहाला उठले.
नळ खरंच चालू होता.