नवी जाकिटं

एकेचाळीस हिवाळे आमची जाकिटं गंजाच्या रंगाची होती.
तांब्याची शेवटची खाण मिटली त्या वर्षी
आयली राउतिओने मापं घेऊन पहिली बारा शिवली,
पाठीवर फिकट पिवळा क्रॉस, टाका इतका घट्ट
की पुढे कापड विरलं, क्रॉस नाही.

पगार कुणालाच नाही.
सुलो शाळेची बस चालवतो, केस्किटालो दात काढतो,
मी टपाल वाटते.
शनिवार-रविवारी या टेकडीवर
(टेकडीच. डोंगर म्हणायची आमची छाती नाही)
पडणाऱ्यांची वाट बघत उभे राहतो.

गेल्या फेब्रुवारीत रेइनोच पडला.
दिवसाची शेवटची फेरी, लिफ्ट थांबलेली,
सरोवरावरून आडवा येणारा बारीक बर्फ.
उत्तरेच्या उतारावर त्याचा पाय बर्चच्या मुळात अडकून पिळला,
रेडिओ उडाला कुठेतरी.
मी त्याच्यापासून वीस हातांवरून गेले.
बघितलंही त्याच्याकडे.
खोड समजले.

एक तास दहा मिनिटं.
सापडला तो शिव्यांवरून,
त्याच्या आज्याच्या भाषेतल्या शिव्या,
आणि त्याही वारा पडला म्हणून ऐकू आल्या.
स्लेजवर बांधताना मला म्हणाला,
दोनदा गेलीस तू.
मला एकदाच आठवत होतं.

एप्रिलमध्ये अग्निशमन केंद्रात सभा.
टेबलावर नमुन्याचं एक जाकीट.
त्या रंगाला आमच्याकडे नाव नव्हतं,
कोवळ्या पानात कुणी वीज सोडावी तसा काहीतरी,
बाह्यांवर चांदीचे पट्टे, दिव्यात डोळे दिपवणारे.
एकाची किंमत ऐकून सगळे कॉफीत बघू लागले.
विरोध कुणी केला?
प्लॅस्टरातला पाय खुर्चीवर ठेवून, रेइनोने.
रस्ते खणणारे वाटू आपण, म्हणाला.
माझ्या बापाने तो रंग घालून माणसं उतरवलीत.
आणि मी ओरडलो होतोच की.

कुणी बोललं नाही.
मग आयलीला विचारलं, म्हणजे तिच्याकडे बघितलं.
सत्त्याऐंशीची. ती मागे बसून विणत होती.
तिने कापड चिमटीत धरून चुरलं,
आतली शिवण उलटून पाहिली, तोंड वाकडं केलं.
म्हणाली, तो रंग मी निवडला नव्हता रे.
हँकॉकच्या दुकानात ते एकच थान निम्म्या भावात होतं.
लाल मिळालं असतं तर लाल घेतलं असतं.

एकेचाळीस वर्षं आम्ही ज्याला परंपरा म्हणत होतो
ते उरलेलं थान होतं.
केस्किटालो हसायला लागला आणि त्याला थांबता येईना.
अकरा विरुद्ध तीन.
रेइनोचा हात शेवटपर्यंत वर होता.

उन्हाळाभर बटाटा-मांसाचे कानवले विकले,
चर्चच्या दारात, हॉकीच्या मैदानावर.
डिसेंबरात खोकी आली.

आता लपता येत नाही.
लिफ्टच्या खोपटामागे सुलोची सिगारेट पार्किंगमधून दिसते.
पोरं येऊन विचारतात, संडास कुठे,
माझा दादा कुठे, तू कोण आहेस.
पूर्वी कुणी विचारत नसे.
एक बाई मांडीला मांडी लावून बर्फात बसली होती,
काही मोडलं नव्हतं, नुसती घाबरलेली.
म्हणाली, तू वरून येताना दिसलीस, म्हणून थांबले.

रेइनो येतो. नवीन जाकीट घालतो.
त्याच्या पाठीवर मात्र जुना क्रॉस आहे,
बापाच्या जाकिटाचा, उसवून काढलेला.
कोणी शिवून दिला ते विचारावं लागत नाही.
टाका ओळखू येतो.

शेवटच्या फेरीला मी माथ्यावरून मोजते.
एक, दोन, चार, पाच,
झाडांमधून खाली ओघळणारे ठिपके,
आणि सहावा, जरा लंगडत.
सगळे दिसतात. स्पष्ट दिसतात.
तरी उत्तरेच्या उतारावर
मी प्रत्येक खोडापाशी वेग कमी करते.
परवा एकाला काठीने टोचून पाहिलं.