पेंडीत उरलेलं

गोणी उघडली की आधी नाकात गंधक शिरतं,
मका नंतर, जरा उशिरानं.
सिल्लोडकडचा दाणा,
स्टार्चच्या कारखान्यात दोन दिवस
कोमट आंबट पाण्यात भिजलेला,
फुगलेला, भरडलेला, शेवटी पाण्यावर सोडलेला.
पिठाचं ते खाली बसतं,
तेलाचं ते तरंगतं
आणि तरंगतं म्हणूनच सापडतं.

लातूरला आमच्या गेटवर येईस्तोवर
वाळून जुन्या दातासारखं पिवळं झालेलं असतं.
मी मूठभर घेते, ओलावा बघते.
तीन टक्के चालतो.
साडेचारला इलियासभाई वरच्या मचाणावरनं ओरडतो,
"पांचाळ मॅडम, पिंजऱ्यात चिखल होईल!"

मग कुकरची वाफ, मग पत्रीसारखं चपटं करणं,
मग स्क्रू.
स्क्रूला घाई नसते.
तो पुढं ढकलतो आणि पुढं जागा कमी असते, एवढंच.
पट्ट्यांच्या फटींतून तेल घामासारखं येतं,
तोंडातून पेंड पडते, गरम, कडक,
करपलेल्या पापडाच्या कडेसारखी.
तिच्यात अजून सात टक्के लपलेलं.

त्या सातासाठी पलीकडची इमारत.
तिथं जाताना मोबाईल पेटीत ठेवायचा,
काडेपेटी नाही, खिळ्याची चप्पल नाही,
हातोडीसुद्धा पितळेची.
हेक्झेन पेंडीवरनं धो धो वाहतं,
असेल नसेल ते गोळा करतं,
वाफेनं उडतं, थंड होऊन परत येतं
त्याच टाकीत, त्याच कामाला.
माणसांत एवढं इमानी कुणी पाहिलं नाही
आणि एवढं पेटकंही.

एका रविवारी डब्याच्या पिशवीत दोन किलो घेऊन
औशाच्या रस्त्याला मन्मथअप्पांकडं गेले.
लाकडी घाणा. बैल गेला, मोटर आली,
कुरकुर तीच.
अप्पांनी करडईला मारतात तसा कोमट पाण्याचा हबका मारला
आणि सगळ्याचं कणकेसारखं झालं.
लाट रुतली. मोटर विव्हळली.
गुरुबाई आतून म्हणाल्या, "भाजून बघा की."
भाजून बघितलं.
पावणेतीनला पहिली धार पडली,
धार कसली, सुतळी.

अप्पांनी बोट बुडवलं, हुंगलं.
"वास कुठाय ह्याला?
आन् दाण्यात हे असतंय कुठं?"
मी एक मक्याचा दाणा घेऊन नखानं दाखवलं,
टोकाजवळची ती फिकट जीभ.
अप्पा दाणा उजेडात धरून बसले.
"म्हंजे कोंब.
बाई, हे तेल नव्हं. शिदोरी हाय.
पान फुटंस्तोवर लेकरानं खायाची."

पुस्तकात हेच आहे, पानभर लांबवून.
मी सांगायला नको होतं तरी सांगितलं,
की त्या गरम पाण्यातच कोंब मरतो, अप्पा.
पेरला तरी उगवत नाही.

"मंग काढा," ते म्हणाले,
आणि बोट धोतराला पुसलं.

त्यांची पेंड मी लॅबला आणून तपासली. तेरा टक्के.
फोन केला तर हसले.
"ऱ्हाऊ द्या. म्हशीला बी कायतरी पायजे."

आमचा आकडा रात्रपाळीत निघतो.
काचेची उभी नळी, कागदी टोपीत पेंड,
खाली उकळतं, वर थेंब होतं,
नळी भरते आणि कुणी हात न लावता
एकदम ओसरते. परत भरते.
सहा तास.
शून्य पूर्णांक आठ, मी वहीत लिहिते.
सकाळी साहेब बघतात, मान हलवतात,
"आणि हे आठ का राहिलं?"

मला अजून उत्तर सुचलेलं नाही.
नळी भरायला अकरा मिनिटं लागतात,
तेवढ्यात बाहेर कट्ट्यावर डबा उघडते.
भाकरी, कारळाची चटणी,
वरून अप्पांच्या घाण्याचं करडईचं तेल,
वास येणारं.