एकवीस नोझल

ओडील बाईंच्या परसात सकाळपासून कुंपण मोजतोय.
दर दहा फुटांवर एक नोझल, पितळी, मटाराएवढा.
काळी नळी फळीच्या आडून नेली,
पिंप गॅरेजमागे,
जिथे नवऱ्याची होडी अजून पालथी पडलीय.

बायू इथून हाकेच्या अंतरावर.
पाणी हलत नाही; डास मात्र
दिवस कलला की वेळेवर कामावर.

"औषध कशाचं?"
म्हटलं, शेवंतीच्या गोतातलं एक फूल असतं, त्याचं.
"म्हणजे फुलानं मारायचं," म्हणाल्या,
आणि चष्मा पुसत राहिल्या.

टायमर लावला. पहाटे एकदा, तिन्हीसांजेला दोनदा.
चाचणीचं बटण दाबलं:
अंगण जरासं धुरकटलं,
मग काहीच नाही.
इतकं काहीच नाही की बेडूकही दचकून गप्प.

मग त्या हळूच,
अंजिराजवळचा तेवढा बंद ठेवता येईल?
तिथे काजवे येतात.
क्लोविस मोजायचा. सतराच्या पुढे कधी गेला नाही,
मी म्हणायचे, तू तेच तेच मोजतोस.

कंपनीच्या नियमात बसत नाही.
पान्यानं तो काढला, जागी बूच बसवलं,
बिलात एकवीस लिहिले.

व्हॅनमध्ये चढताना मानेवर एक चावला.
मारलाच.
हात सवयीनं उठतो.